पाहुण्याचं पाणी

“आजोबा, तुम्ही आमच्याकडे अजून किती दिवस राहणार?”

समिधाने विचारलं आणि हळूच मोबाइलकडे पाहिलं. मोबाइल टीव्हीच्या कपाटावर, फुलदाणीला टेकवून उभा केला होता. पडद्यावर संचिता आणि झोया तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. पैज त्यांचीच. शाळेतून येताना रिक्षात समिधा बोलून गेली होती, की आमच्या आजोबांना वाटतं ते आमच्याकडे पाहुणे आलेत. झोया लगेच म्हणाली, “मग विचार ना, कधी जाणार म्हणून! हिंमत है तो पूछ.”

आणि हिंमतीचं नाव काढलं की हल्ली समिधा शिगवणला कोणी आवरू शकत नव्हतं. आठवीपर्यंत हजेरीलासुद्धा जिचा आवाज घशातच राहायचा, तिने यंदा सोसायटीच्या गणपतीत, निवेदन करणारा मुलगा ऐन वेळी आलाच नाही म्हणून, माइक उचलला होता आणि दोन तास खाली ठेवला नव्हता. तेव्हापासून जणू तिच्या गळ्यातलं बूच निघालं होतं. नववीच्या फळ्यावर स्नेहसंमेलनाच्या निवेदनासाठी तिचं नाव लागलं, तेव्हा तिने त्याचा फोटो काढून आईला, बाबांना, मामाला आणि चुकून दूधवाल्यालाही पाठवला होता.

पंढरीनाथ शिगवण, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, खुर्चीत ताठ बसून प्रश्नाचा विचार करत होते. पाहुण्यासारखेच बसले होते ते, पाठ न टेकता, हात मांडीवर.

“आता कसं सांगू,” ते म्हणाले. “घरचे मालक भेटले म्हंजे निघतो. न सांगता जानं बरं नाय दिसत. पन एक बोलू का गो पोरी? रागावू नको. ह्या घरात पान्याला विचारायची पद्धत नाय. मानूस दारात आला की आदी पानी, मंग काय ती विचारपूस. हितं मागावं लागतं. नि मागितलं तरी ती बाय म्हनते, झालं तुमचं.”

पडद्यावर संचिता फिसकन हसली.

“तू तेवडी बरी हायस,” आजोबा पुढे म्हणाले. “तू भरून देतेस. तुजा ग्लासबी मोटा, मनबी मोटं.”

“ओहो, मोठं मन!” झोया ओरडली. समिधाने मोबाइलसमोर कमरेत वाकून मुजरा केला आणि फोन बंद केला. पैज जिंकली होती.

ज्यांची आजोबा वाट बघत होते ते घरचे मालक म्हणजे त्यांचाच मुलगा जितेंद्र. ‘ती बाय’ म्हणजे त्यांची सून स्वाती, जी एकोणीस वर्षं त्यांना वाढत होती. आणि शांती नगरमधलं हे दोन खोल्यांचं घर आजोबांनी स्वतः घेतलेलं होतं. भायंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं ग्लास घासून घासून त्यांनी ते उभं केलं. पॉलिशच्या चाकावर भांडं धरायचं ते काम. नखात काळं जायचं ते निवृत्तीनंतरही पाच वर्षं निघालं नव्हतं, असं बाबा सांगायचे.

आजोबांना दोन दुखणी होती, आणि दोन्ही एकमेकांच्या उरावर बसलेली. हृदयाचं पंपिंग अठ्ठावीस टक्क्यांवर आलं होतं, म्हणजे पाणी जास्त झालं की ते पायात उतरायचं, मग छातीत चढायचं आणि श्वास लागायचा. म्हणून लघवीची गोळी होती. ती अंगातलं पाणी काढायची, तोंड सुकवायची, आणि आजोबांना तहान लागायची. इतकं कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला समजावता आलं असतं. पण दुसरं दुखणं विसरण्याचं होतं. डॉक्टरांनी पाणी कमी सांगितलंय हे आजोबांना चार मिनिटांपलीकडे लक्षात राहत नव्हतं. दर वेळी त्यांना ते नव्याने कळायचं, आणि दर वेळी नव्याने अपमान व्हायचा.

डॉक्टर म्हणाले होते, दिवसाला सव्वा लिटर, चहा-आमटी सगळं धरून. स्वातीने त्याचं स्वयंपाकघरातलं गणित मांडलं होतं: दोन अर्धे कप चहा, एक वाटी आमटी आणि सहा ग्लास पाणी. सकाळचा ग्लास ती स्वतः द्यायची आणि अकराला भायंदर वेस्टला चष्म्याच्या दुकानात कामाला जायची. अकरा ते एक समोरच्या नयनाबेन येऊन बसायच्या, एक ग्लास त्यांचा. एकला समिधा शाळेतून आली की दुपारचे तीन ग्लास तिचे. झोपताना एक बाबांचा. फ्रिजवर कागद चिकटवला होता. ज्याने दिला त्याने रेघ मारायची.

सुरुवातीला सगळे उत्साहाने रेघा मारायचे. आता कोणाच्यातच काही उरलं नव्हतं. बाबा रात्री तीनतीनदा उठून आजोबांना संडासला नेत आणि सकाळी दाढी करताना आरशाला डोकं टेकवून उभे राहत. आई मटार सोलता सोलता झोपायची, शेंग तशीच बोटांत. संध्याकाळी बाबा लिफ्टमधून बाहेर आले की लगेच बेल वाजवत नसत. एकदा समिधा कचरा ठेवायला बाहेर गेली तर ते जिन्याच्या पायरीवर बॅग मांडीवर घेऊन बसलेले दिसले. “काही नाही गं, बूट सैल करत होतो,” म्हणाले. बूट पायात घट्ट बांधलेले होते.

शुक्रवारी सकाळी सहाला वजन केलं. वजन रोज व्हायचं, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. आजोबा काट्यावर चढताना रोज तेच म्हणायचे, “पाव्हन्याचं वजन करता? किती खाल्लं त्ये बगायला?” पूर्वी बाबा यावर हसायचे. त्या दिवशी त्यांनी आकडा बघितला, आजोबांना खाली उतरवलं, परत चढवलं.

“साठ पूर्णांक तीन.”

सोमवारी अठ्ठावन्न पूर्णांक आठ होतं. आईने खाली बसून आजोबांच्या घोट्याजवळ अंगठा दाबला आणि उचलला. पिठात बोट दाबावं तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला.

डॉक्टरांना फोन झाला. गोळी दीड करा म्हणाले. सोमवारी सकाळपर्यंत वजन साठच्या खाली आलं नाही, तर घेऊन या, भरती करावं लागेल.

‘भरती’ म्हणजे काय ते तिघांनीही पाहिलं होतं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आजोबा भरती झाले होते. सुई ओढून काढायचे, पलंगावरून उतरायचे, कोण कुठले लोक मला धरून ठेवतात म्हणून ओरडायचे. तिसऱ्या दिवशी समिधा डबा घेऊन गेली तेव्हा त्यांची दोन्ही मनगटं पट्टीने पलंगाच्या दांड्यांना बांधलेली होती. नर्स वाईट नव्हती, दमलेली होती. “चौदा पेशंटला मी एकटी आहे,” म्हणाली. आजोबांनी समिधाकडे बघितलं, ओळखलं नाही, आणि अगदी अदबीने म्हणाले, “ताई, वाईच सोडता का? मी काय चोरी केलेली नाय.”

तो आवाज समिधाच्या कानातून अजून गेला नव्हता. मैत्रिणींना तिने सगळं सांगितलं होतं, फक्त हे नाही.

“सहाच ग्लास देतोय आपण,” आई फ्रिजवरच्या कागदाकडे बघत म्हणाली. रोजच्या सहा रेघा. एकही कमी नाही, जास्त नाही. “मग हे पाणी येतंय कुठून?”

तिघांचीही नजर बंद दरवाजाकडे गेली. दरवाजापलीकडे नयनाबेनचा दरवाजा होता.

संध्याकाळी आई कामावरून आली ती घरात न येता समोरच गेली. समिधा दाराआडून ऐकत होती.

“नयनाबेन, खरं सांगा हां. दादांना जास्त पाणी देता का? ताक वगैरे?”

“कसम से, स्वातीबेन. एक ही गिलास. तुमने जो छोटा वाला निकाल के रखा है ना, वो ही. छाश तो मैं खुद नहीं पीती उनके सामने.”

“मग परवा डब्यात काय होतं? खाकरा होता ना? त्यात मीठ असतं. किती वेळा सांगितलं मीठ नको म्हणून.”

“वो मेरा नाश्ता था. एक टुकड़ा माँगा, आधा दिया. छह महीने में एक बार.”

“अर्धा अर्धा करूनच होतं सगळं,” आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. चढवायलाही जोर लागतो. “तुम्हाला जमत नसेल तर सांगा. पण आमचा माणूस मरेल.”

नयनाबेननी दरवाजा लावला, अगदी हळू. आपटला असता तर बरं झालं असतं.

त्याच रात्री बाबा येतानाच हार्डवेअरच्या दुकानात जाऊन आले आणि एक कागदी पिशवी फ्रिजवर ठेवली. पिशवीत जाडजूड कडी होती आणि चार स्क्रू.

“सोमवारपासून हिची रिहर्सल चारपर्यंत,” बाबा म्हणाले. “समोरच्या येणार नाहीत. म्हणजे अकरा ते सव्वाचार घरात कोणी नाही. बाहेरून कडी लावू. दुपारी झोपतातच ते.”

“आणि आत पडले तर?” आई म्हणाली. “गॅस चालू केला तर?”

“मग तू सांग काय करू. नाही, सांगच. सुट्ट्या संपल्यात माझ्या. तुझ्या संपल्यात. माणूस ठेवला तो दोन दिवसांत पळाला. सांग ना, स्वाती.”

आई पोळपाटाकडे वळली. समिधा तिथेच उभी होती. निवेदनाचे कागद तिच्या हातात होते आणि पहिलंच वाक्य होतं, ‘सर्व उपस्थितांचं मनःपूर्वक स्वागत’. त्या क्षणी तिला मनात कुठेतरी बरं वाटलं होतं, की रिहर्सलला जाता येईल. मग आपल्याला बरं वाटलं याचंच तिला कसंतरी झालं.

शनिवारी शाळा साडेदहालाच सुटते. समिधा घरी आली तशी आई चप्पल घालून तयारच होती. “दुपारचे तीन,” एवढंच म्हणून ती गेली.

समिधाने सवयीने मांडणीवरचा ग्लास काढला आणि माठाकडे वळली. मागे आजोबा येऊन उभे होते, कधी आले कळलंच नाही. त्यांनी तिच्या हातातून ग्लास घेतला, काठावरून अंगठा फिरवला आणि नखाने टिचकी मारली. टण्ण आवाज झाला.

“ह्यो आमच्याकडचा,” आजोबा म्हणाले. आवाजच बदलला होता त्यांचा, कामावरच्या माणसाचा झाला होता. “लस्सीवाल्यांची ऑर्डर असायची. बग, काट कसा दुमडलाय, ओटाला लागत नाय. ह्याला मी पॉलिश मारलंय.” मग त्यांनी मांडणीवरून दुसरा ग्लास उचलला, ज्यातून आई सकाळी पाणी द्यायची तो, आणि त्यालाही टिचकी मारली. “नि ह्यो घरचा. ह्याचे दोन भरलेस म्हंजे त्यो एक. उगाच न्हाय बोलत, भरून बग.”

समिधाने छोटा ग्लास काठोकाठ भरला आणि मोठ्यात ओतला. परत भरला, परत ओतला. मोठ्याला अजून बोटभर जागा उरली होती.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. घर स्टीलच्या ग्लासांनी भरलेलं होतं. कारखान्यातून दर दिवाळीला मिळालेले, डाग पडला म्हणून घरी आणलेले, लहान, मोठे, फुगीर, सरळ. आईने ग्लास म्हटलं तो आईच्या डोळ्यांसमोरचा ग्लास. नयनाबेनसाठी तिने तोच वेगळा काढून ठेवला होता. समिधाला मात्र कोणी दाखवला नव्हता, घरचीच म्हणून. तिच्या तीन रेघा खऱ्या होत्या. पण तिची एक रेघ म्हणजे दोन रेघा होत्या, आणि वर थोडं.

आणि एवढंच असतं तर ती धावत जाऊन आईला फोन करून मोकळी झाली असती. पण तिला आठवलं, गेल्या आठवड्यापर्यंत तिचाही हात छोट्याच ग्लासाकडे जायचा. निवेदनाचे कागद हातात पडले त्या दुपारी आजोबांनी दर पाच मिनिटांनी पाणी मागून तिला वेड लावलं होतं. तिने मोठा ग्लास भरून दिला होता. तो पिऊन आजोबा तासभर गप्प बसले होते, आणि तिचं पहिलं पान पाठ झालं होतं. दुसऱ्या दिवशी हात आपोआप मोठ्याकडे गेला. तिसऱ्या दिवशीही. आपला हात कुठे जातोय हे माणसाला कळत नाही असं थोडंच असतं!

मोठा ग्लास, मोठं मन. तिने मुजरा केला होता.

“पानी हाय का गो वाईच?” आजोबांनी विचारलं. ग्लासांचं सगळं बोलणं त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं.

तिने छोटा ग्लास दिला आणि रेघ मारली. सहा मिनिटांनी त्यांनी परत मागितलं. “झालं आजोबा, आत्ताच दिलं,” ती म्हणाली. चार मिनिटांनी परत. मग परत. साडेअकराला ते उठले, अंगावरचा स्वेटर नीट केला आणि दरवाजाकडे निघाले. “निगतो मी. मालकांना सांगा, येऊन गेलो म्हनून.” दोन पावलांतच त्यांना धाप लागली. ते भिंतीला धरून उभे राहिले, तोंडाने श्वास घेत, आणि तरी एक हात कडीकडे गेला. समिधाने त्यांना खांद्याला धरून वळवलं. त्यांचे पाय जमिनीवरून घासत आले. एका मिनिटाच्या कामाला दहा मिनिटं लागली आणि खुर्चीत बसल्या बसल्या ते म्हणाले, “पानी?”

तेव्हा तिला भातुकली आठवली.

पलंगाच्या कप्प्यात, जुन्या चादरींखाली तो डबा होता. ती चार वर्षांची असताना आजोबांनी कारखान्यातल्या उरलेल्या पत्र्याचं तिला भातुकलीचं सामान बनवून आणलं होतं. चूल, तवा, परात आणि सहा ग्लास, अंगठ्याएवढे, पण काठ दुमडलेले, आरशासारखे चकचकीत. तिने एक ग्लास घासून घेतला आणि खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजला. चार टोपणं मावली, म्हणजे चाळीस मिली. दुपारच्या तीन ग्लासांतला एक जाऊन जेवढं उरलं होतं, त्यात असे सात ग्लास बसत होते. आई म्हणायची त्या हिशोबात राहून सात वेळा.

तिने ताटलीत तो ग्लास ठेवला, काठोकाठ भरून, आणि आजोबांसमोर धरला. त्यांनी मागायच्या आधी.

“पाणी घ्या ना, आजोबा.”

आजोबा थोडे सरळ बसले. ग्लास दोन बोटांत धरून त्यांनी तो फिरवून बघितला, हसले, आणि गरम चहा प्यावा तसा हळूहळू प्यायले. “उपकार झाले,” म्हणाले. “बरं घर हाय.”

म्हणजे सगळं छान झालं असं नाही. वीस मिनिटांनी परत तेच, आणि मग पंधरा मिनिटांनी. ती बसायची, कागद उघडायची, ‘सर्व उपस्थितांचं’ म्हणायची आणि उठायची. मधे तिने कापसाने त्यांचे ओठ ओले केले, लिंबाची फोड चोखायला दिली, चिडली, मोरीत जाऊन नळ न उघडता नुसती उभी राहिली. चौथ्या खेपेला आजोबांनी तो ग्लास हातात घेतला आणि भिरकावला. “ही काय थट्टा लावलीय म्हाताऱ्या मानसाची?” पाणी खिडकीच्या पडद्यावर उडालं. तिने तो ग्लास शोधून, धुऊन, परत भरला, आणि दहा मिनिटांनी तेच आजोबा त्याच ग्लासातून शहाण्यासारखे प्यायले. चार वाजता सात ग्लास पुरे झाले तेव्हा समिधाच्या पोटऱ्या दुखत होत्या आणि एक पानही वाचून झालं नव्हतं. तिला वाटलं, आई रोज कामावरून येऊन हे करते. आणि बाबा, सगळे झोपल्यावर.

झोयाचा मेसेज आला होता, ‘मेहमान गए क्या?’ खाली हसणारे चेहरे. समिधाने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि लिहिलं, ‘तो सवाल अब मत पूछना. सोमवारी सांगते.’

आई आल्यावर, दूध आणायला जाते असं सांगून ती बाहेर पडली आणि समोरची बेल वाजवली.

“नयनाबेन, वो ज्यादा पानी मैंने दिया था,” ती एका दमात म्हणाली. “बड़े गिलास में. आपकी गलती नहीं थी.”

नयनाबेननी तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. समिधाला वाटलं, आता त्या जवळ घेतील. त्यांनी घेतलं नाही.

“तो मेरे को क्यों बोलती है?” त्या म्हणाल्या. “तेरी मम्मी को बोल. उसने मेरे को क्या बोला, मालूम है ना? वो आके बोलेगी तो मैं आऊँगी. दादा के लिए आऊँगी. लेकिन पहले वो आएगी.”

दरवाजा परत हळूच लागला.

त्या संध्याकाळी समिधाने तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा बाबा फोनवर होते. दुसऱ्यांदा आई भांडी घासत होती आणि तिच्या पाठीकडे बघून समिधाचे शब्द परत फिरले. तिसऱ्यांदा दोघंही टीव्हीसमोर बसल्या जागी झोपले होते. पाचशे माणसांसमोर बोलता येतं, पण या दोन माणसांसमोर येत नाही, हे तिला नवीनच कळलं.

रविवारी सकाळी वजन एकोणसाठ पूर्णांक आठ भरलं. आजोबा म्हणाले, “पाव्हन्याचं वजन करता?” आई आकडा बघून स्टुलावर बसली. आनंद झाला होता, पण तोसुद्धा बसूनच. “गोळीने उतरलं,” ती म्हणाली. “की नयनाबेन आल्या नाहीत म्हणून?”

बाबांनी सेक्रेटरीकडून ड्रिल आणलं होतं. ते दरवाजात उकिडवे बसून पेन्सिलने खुणा करत होते. त्यांनी हात मागे केला, “समू, ती पिशवी दे गं.”

समिधाने फ्रिजवरची पिशवी घेतली. कडी हाताला गार लागली, आणि वाटलं होतं त्यापेक्षा जड. ती पिशवी तिने दिली नाही.

“बाबा, थांबा. आई, तू पण ऐक. नयनाबेननी काही केलेलं नाही. पाणी मी दिलंय जास्त.” तिने मांडणीवरून दोन्ही ग्लास आणून जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले. “हा तुझा ग्लास. हा माझा. याच्यात तुझे दोन मावतात. आजोबांनीच दाखवलं. आणि चुकून नाही, आई. म्हणजे माप मला माहीत नव्हतं, पण मोठा दिला की ते गप्प बसतात हे माहीत होतं. मला पाठांतर करायचं होतं.”

ड्रिलची वायर बाबांच्या हातात तशीच राहिली. आई त्या दोन ग्लासांकडे बघत होती. तिने एकदा समिधाकडे बघितलं, तेव्हा समिधाला वाटलं आता बसणार एक. पण आईने नुसता पदर तोंडाला लावला.

“मी त्या बाईला काय काय बोलले,” ती म्हणाली. “अर्ध्या खाकऱ्यावरून.”

“दोन दिवस?” बाबांनी विचारलं. “दोन दिवस आम्ही इथे डोकं फोडून घेतोय आणि तू...” ते दाराच्या चौकटीला पाठ टेकून खालीच बसले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, “पण तरी दुपारचं काय? तुझी रिहर्सल आहेच. कोणीतरी लागणारच ना गं.”

आत खुर्चीतून आजोबांचा आवाज आला, “कोन आलंय का? पानी विचारा त्यांना.”

समिधाने भातुकलीचा ग्लास भरला, ताटलीत ठेवला, आत जाऊन आजोबांच्या हातात दिला आणि परत दारात येऊन उभी राहिली. आवाज तोच होता, गणपतीतला.

“मी ठरवलंय. मधे बोलू नका. निवेदन मी सोडत नाही, पण अर्धं संचिताला देतेय. मिसना सकाळी मेसेज केलाय, त्या चिडल्यात, चिडू देत. मंगळवार-गुरुवार मी शाळेत थांबणार, बाकीचे दिवस एकला घरी येणार. ते दोन दिवस आणि रोजचे अकरा ते एक नयनाबेन बसतील, पण आई, आधी आपण दोघींनी त्यांच्याकडे जायचं, आत्ता, हे ग्लास घेऊन. कडी लागणार नाही, बाबा, ती परत करा. या घरात यापुढे ‘झालं तुमचं’ असं कोणी आजोबांना म्हणायचं नाही. त्यांनी मागायच्या आधी आपण विचारायचं, भातुकलीच्या छोट्या ग्लासातून, मोजून. कंटाळा आला तरी. मला पण येतो. आणि सोमवारी वजन साठच्या वर गेलं आणि भरती करायची वेळ आलीच, तर मी शाळेत जाणार नाही. स्नेहसंमेलन त्याच दिवशी असलं तरी नाही. मी त्यांच्या पलंगाशी बसणार, त्यांचे दोन्ही हात धरून. तिथे कोणी पट्टी आणली तर माझ्याशी बोलायचं. सांगून ठेवतेय.”